पित्ताशय काढल्यावर अहवालात लिम्फोमा आला: दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करावी का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझ्या आईचे वय ६७ आहे. गेली दोन वर्षे तिच्या उजव्या बरगडीखाली अधूनमधून दुखत असे आणि जेवणानंतर मळमळत असे. सोनोग्राफीत खडे आणि जाड झालेली भिंत दिसली, म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढले. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. पंधरा दिवसांनी जखमा दाखवायला गेलो, तेव्हा पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला. पित्ताशयाच्या भिंतीत लिम्फोसाइट पेशींची दाट घुसखोरी आहे, लो-ग्रेड, म्हणजे संथ वाढणाऱ्या, नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा संशय आहे आणि आयएचसी ही पेशी ओळखण्याची चाचणी करावी, असे त्यात लिहिले आहे. असा रुग्ण आपण पूर्वी पाहिलेला नाही, असे सर्जन म्हणाले. यकृताचा काही भाग आणि आसपासच्या ग्रंथी काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया कदाचित लागेल, असेही त्यांनी सुचवले. पित्ताशयाच्या कर्करोगाबद्दल जे वाचले, त्याने झोप उडाली आहे. आईला सांधेदुखीसाठी काही वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. तिला अहवालाबद्दल आम्ही काही सांगितलेले नाही. शस्त्रक्रिया करावी का? तिला सांगावे का? मला आणि माझ्या बहिणीलाही खडे आहेत. आमचे दुखत काहीच नाही. तरीही आम्ही पित्ताशय काढून घ्यावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

तुम्ही जे वाचून झोप घालवली आहे, ते बहुधा तुमच्या आईच्या आजाराबद्दलचे नाही. पित्ताशयाचा कर्करोग म्हणून ज्याची माहिती सर्वत्र मिळते, तो पित्ताशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून सुरू होणारा कार्सिनोमा असतो. तो लवकर यकृतात शिरतो आणि त्याचे आकडे खरोखरच धास्ती वाटावी असे असतात. लिम्फोमा ही निराळ्या कुळातली व्याधी आहे. ती लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची, म्हणजे रक्त आणि रोगप्रतिकारशक्तीच्या घराण्यातली. तिचा मुक्काम पित्ताशयात सापडला, एवढ्यावरून ती पित्ताशयाच्या कार्सिनोमासारखी वागत नाही आणि तिचा उपचारही त्या पद्धतीने होत नाही. आजार कोणत्या अवयवात आहे यापेक्षा तो कोणत्या पेशीचा आहे, हे इथे अधिक निर्णायक ठरते. पुढचे सारे उत्तर या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

असा रुग्ण पाहिलेला नाही, असे सर्जनांनी मोकळेपणाने सांगितले, याचे मला बरे वाटले. पित्ताशयात उद्भवणाऱ्या सगळ्या घातक गाठींमध्ये लिम्फोमाचा वाटा ०.१ ते ०.२ टक्के इतकाच सांगितला जातो, म्हणजे हजारात एक किंवा दोन. शेकडो पित्ताशये काढलेल्या कुशल सर्जनांनाही संपूर्ण कारकिर्दीत तो एकदाही न भेटणे अगदी स्वाभाविक आहे. मी सूक्ष्मदर्शकावर बसून जी वर्षे काढली, त्यात पित्ताशयाच्या भिंतीत दाट लिम्फोसाइट असलेल्या स्लाइड पुष्कळ पाहिल्या, आणि त्यातल्या बहुतेक साध्या दीर्घकालीन दाहाच्या होत्या. त्यामुळे तुमच्या अहवालातला ‘संशय’ हा शब्द मी जितक्या गांभीर्याने घेतो, तितक्याच गांभीर्याने त्यापुढची ‘आयएचसी करावी’ ही सूचनाही घेतो. निदान अजून पूर्ण झालेले नाही. अर्धवट निदानावर यकृत कापण्याचा निर्णय होऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

या पेशी पित्ताशयात येतात कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण त्याच्या उत्तराशिवाय पुढचे नीट उलगडणार नाही. निरोगी पित्ताशयाच्या भिंतीत लसिका ऊती, म्हणजे लिम्फोसाइटनी बनलेली ऊती, जवळजवळ नसतेच. खडे वर्षानुवर्षे घासत राहिले, पित्त साचत राहिले आणि जंतूंचा उपद्रव होत राहिला, की तिथे लिम्फोसाइट जमू लागतात आणि छोटी छोटी ठाणी वसवतात. जठराच्या बाबतीतही हेच घडते. पीटर आयझॅक्सन आणि डेनिस राइट यांनी १९८३ साली अशा श्लेष्मल त्वचेशी (अवयवांच्या आतल्या ओलसर अस्तराशी) निगडित ऊतीतून उगवणाऱ्या लिम्फोमाचे वेगळेपण मांडले, आणि तेव्हापासून त्याला माल्ट लिम्फोमा हे नाव रूढ झाले. पुढे जठरातल्या माल्ट लिम्फोमाचा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूशी असलेला संबंध उघड झाला, आणि केवळ प्रतिजैविके देऊन त्या जिवाणूचा नायनाट केला असता लिम्फोमाही ओसरतो, हे पाहून वैद्यकविश्व चकित झाले. पित्ताशयातही दीर्घ दाहाच्या या ठाण्यांपैकी एखाद्या ठिकाणी एकाच पेशीची संतती बेलगाम वाढत जाते, असे मानले जाते. मात्र खडे असलेल्या माणसांची संख्या प्रचंड आहे आणि लिम्फोमा होणारे विरळा. त्यामुळे खडे हे कारण आणि लिम्फोमा हे फळ, असा सरळ हिशेब इथे मांडता येत नाही.

हे आधीच का कळले नाही, असा विचार तुमच्या मनात घोळत असेल तर तो सोडून द्या. या आजाराची लक्षणे खड्यांच्या लक्षणांपेक्षा वेगळी नसतात: तेच उजवीकडचे दुखणे, तीच मळमळ, क्वचित कावीळ. सोनोग्राफीत भिंत जाड दिसते, आणि ती दाहातही जाड दिसते. लिम्फोमा बहुधा अस्तराच्या खालच्या थरात पसरतो; त्यामुळे भिंत जाड होऊनही आतले अस्तर शाबूत राहते, तर कार्सिनोमा ते अस्तर आधी मोडतो, असा एक बारीक फरक जाणकार रेडिओलॉजिस्ट सांगतात. तो शस्त्रक्रियेपूर्वी ओळखून निदान करणे मात्र क्वचितच जमते. जवळजवळ नेहमीच हा आजार तुमच्या आईच्या बाबतीत कळला तसाच कळतो, काढलेले पित्ताशय पॅथॉलॉजीच्या टेबलावर पोहोचल्यावर.

आता त्या टेबलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येत्या आठवडाभरातली तुमची खरी कामे तिथेच आहेत. फॉर्मॅलिनच्या बरणीतून पित्ताशय बाहेर काढले जाते आणि लांबीच्या दिशेने उघडले जाते. निरोगी पित्ताशयाची आतली बाजू मखमलीसारखी, हिरवट असते. जिथे भिंत जाड किंवा पांढुरकी वाटते, तिथले तुकडे कापून ते मेणात बसवले जातात. या छोट्या मेणाच्या ठोकळ्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकमधून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप काढून तो काचेवर पसरवला जातो आणि जांभळ्या-गुलाबी रंगांनी रंगवला जातो. लिम्फोसाइट त्यात गर्द जांभळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. पण दाहाचे ठिपके आणि लिम्फोमाचे ठिपके, विशेषतः संथ जातीच्या लिम्फोमाचे, नुसत्या या रंगात एकमेकांसारखेच दिसू शकतात. लसिका ऊतीची साधी वाढ, लिम्फोसाइट बहुसंख्य असलेला पित्ताशयदाह आणि आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी संबंधित दाह यांनी चांगल्या चांगल्या पॅथॉलॉजिस्टना चकवले आहे.

इथे आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, कामी येते. पेशींच्या अंगावर कोणत्या प्रथिनांच्या खुणा आहेत, हे त्या खुणांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून तपासले जाते आणि जिथे खूण सापडते तिथे तपकिरी रंग उमटतो. सीडी-२० तपकिरी झाले, तर पेशी बी-लिम्फोसाइट आहेत. सीडी-३ चा रंग उमटला, तर त्या टी-लिम्फोसाइट आहेत. सीडी-५ आणि सायक्लिन डी-१ या खुणांवरून मॅन्टल सेल लिम्फोमा वेगळा काढतात, तर सीडी-१० आणि बीसीएल-६ यांवरून फॉलिक्युलर लिम्फोमाचा अंदाज येतो. केआय-६७ ही खूण किती टक्के पेशी विभाजनाच्या वाटेवर आहेत ते दाखवते: संथ जातीत हा आकडा सहसा २० च्या आत राहतो, आक्रमक जातीत ४० च्या वर जातो आणि कधीकधी ८० किंवा ९० पर्यंतही पोहोचतो. तरीही शंका उरली, तर सगळ्या बी-पेशी एकाच मूळ पेशीची संतती आहेत का, हे डीएनएच्या चाचणीने पाहता येते. दाहात गर्दी अनेक कुळांची असते. लिम्फोमात एकाच कुळाची असते.

म्हणून उद्याच पॅथॉलॉजी विभागाला लेखी विनंती करा की आईच्या पित्ताशयाचा फॉर्मॅलिनमध्ये उरलेला भाग टाकून देऊ नये. ब्लॉक अनेक वर्षे जपले जातात, परंतु ओला नमुना अहवाल निघाल्यानंतर काही आठवड्यांत टाकून देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि जाडसर भागातून आणखी तुकडे घेण्याची गरज नेमकी अशाच प्रकरणात पडते. त्यानंतर ब्लॉक आणि मूळ स्लाइड ताब्यात घेऊन लिम्फोमात विशेष अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे हिमॅटोपॅथॉलॉजिस्टकडे, दुसऱ्या मतासाठी न्या. नुसती स्लाइड पुरत नाही, कारण आयएचसीसाठी ब्लॉकमधून नवे काप काढावे लागतात. ताबा घेताना ब्लॉकवरचे क्रमांक अहवालातील क्रमांकांशी जुळवून पाहा, पोच घ्या आणि शक्यतो स्वतः नेऊन द्या. एकदा माझ्याकडे पाच स्लाइड आल्या आणि एकही ब्लॉक आला नाही. तो शोधण्यात दहा दिवस गेले आणि अखेर तो दुसऱ्याच रुग्णाच्या लिफाफ्यात सापडला. तेव्हापासून ही क्रमांकांची सूचना मी न कंटाळता सगळ्यांना देतो. सोबत शस्त्रक्रियेची टिपण, सोनोग्राफीचा अहवाल आणि आईच्या जुन्या रक्तचाचण्याही द्या.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न यानंतर सोपा होतो. पित्ताशय काढल्यावर अनपेक्षितपणे कार्सिनोमा निघाला आणि तो भिंतीच्या स्नायूपर्यंत किंवा त्याहून खोल गेलेला असला, तर सर्जन पुन्हा पोट उघडून पित्ताशयाला लागून असलेला यकृताचा भाग आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढतात, कारण त्या आजारात शरीरात मागे राहिलेला अंशही महागात पडतो आणि औषधांनी तो पूर्णपणे नाहीसा होईल याची खात्री नसते. तुमच्या सर्जनांनी सुचवलेले पाऊल याच नियमातून आलेले आहे आणि कार्सिनोमाच्या संदर्भात ते योग्य आहे. लिम्फोमाचे गणित मात्र वेगळे आहे. लिम्फोसाइट स्वभावतःच शरीरभर हिंडणाऱ्या पेशी आहेत, आणि औषधे व किरणोपचार यांना त्या सहसा चांगला प्रतिसाद देतात. यकृताचा तुकडा काढल्याने लिम्फोमाच्या रुग्णाला जास्तीचा लाभ होत नाही. उलट मोठ्या जखमेमुळे, आणि जंतुसंसर्ग झालाच तर त्यामुळेही, जे खरे उपचार सुरू व्हायला हवेत ते लांबणीवर पडतात. तेव्हा आयएचसीने लिम्फोमावर शिक्कामोर्तब केले, तर दुसरी शस्त्रक्रिया टाळावी असेच मी सांगेन. एकाच पित्ताशयात कार्सिनोमा आणि लिम्फोमा दोन्ही सापडल्याच्या अपवादात्मक नोंदी आहेत. तसे तुमच्या अहवालात काही नाही, पण दुसरे मत देणाऱ्याने अस्तराकडेही नीट पाहिले आहे ना, एवढे अवश्य विचारा.

लिम्फोमा निश्चित झाला, की तो पित्ताशयातच जन्मला आहे की दुसरीकडून तिथे आला आहे, हे पाहावे लागते, कारण अन्यत्र असलेला लिम्फोमा पित्ताशयापर्यंत पसरणे हे पित्ताशयातच तो उद्भवण्यापेक्षा अधिक वेळा घडते. पचनमार्गातल्या लिम्फोमाला प्राथमिक कधी म्हणावे, याचे निकष डॉसन आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडले होते: वरवर हाताला लागणाऱ्या ग्रंथी वाढलेल्या नसाव्यात, छातीच्या मध्यभागी ग्रंथी नसाव्यात, पांढऱ्या पेशींची संख्या सामान्य असावी, यकृत आणि प्लीहा मोकळी असावीत. तत्त्व आजही तेच आहे, साधने मात्र बदलली आहेत. आता मान, छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सीटी स्कॅन किंवा पेट-सीटी स्कॅन करतात, रक्तातील एलडीएच या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण पाहतात आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी करतात. इथे दोन गोष्टी लक्षात असू द्या. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे पित्ताशयाची रिकामी जागा भरून येत असते आणि पेट-सीटीवर ती उजळ दिसू शकते, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख तपासणी करणाऱ्यांना आवर्जून सांगा. दुसरे असे की माल्ट लिम्फोमाच्या पेशी कधीकधी इतक्या संथ असतात की पेट-सीटीवर त्या उजळतच नाहीत. अहवाल निर्मळ आला, तरी डॉक्टर आणखी तपासण्या सुचवतील, आणि तो त्यांचा अतिसावधपणा समजू नये.

माल्ट प्रकार निघाला, तर जठराची दुर्बिणीने तपासणी करून घेणे मला इष्ट वाटते. हा लिम्फोमा एकाच वेळी एकाहून अधिक श्लेष्मल ठिकाणी असू शकतो, आणि जठर हे त्याचे सर्वांत आवडते ठिकाण आहे. त्याच वेळी हेलिकोबॅक्टर आहे का, तेही कळते. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या रक्तचाचण्या तर कोणत्याही लिम्फोमात कराव्यातच. हिपॅटायटिस सीचा विषाणू मार्जिनल झोन जातीच्या (माल्ट ही तिचीच एक उपजात) लिम्फोमाशी निगडित आहे आणि त्याच्यावर उपचार केल्याने काहींचा लिम्फोमाही उतरतो. हिपॅटायटिस बीची बाब निराळी आणि अधिक तातडीची आहे: रिटुक्सिमॅब हे बी-पेशींवर चालणारे लिम्फोमाचे औषध दिल्यावर यकृतात वर्षानुवर्षे निपचित पडलेला हा विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि यकृताला गंभीर इजा करू शकतो. म्हणून ही चाचणी पहिल्या डोसाआधीच व्हायला हवी. चाचणीत जुन्या संसर्गाची खूण आढळली, तरी उपचार थांबत नाहीत. सोबत विषाणूविरोधी गोळ्या दिल्या जातात.

उपचार कोणते, हे लिम्फोमाच्या जातीवर ठरते, आणि पित्ताशयात प्रामुख्याने दोन जाती आढळतात. पहिली माल्ट, संथ जातीची. ती पित्ताशयापुरतीच मर्यादित असेल आणि पित्ताशय पूर्ण काढलेले असेल, तर पुष्कळदा पुढे काहीच न देता ठरावीक अंतराने तपासणी करत राहणे हाच उपचार असतो. काही करायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरच्यांना ते हयगयीसारखे वाटते. पण या जातीत शांतपणे लक्ष ठेवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. थोडा अंश उरल्याची शंका असली, तर कमी मात्रेचे, सुमारे २४ ग्रेचे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचार किंवा एकटे रिटुक्सिमॅब हे पर्याय असतात. हा आजार वर्षानुवर्षे एका जागी बसून राहतो. क्वचित तो वेगवान रूप घेतो, आणि म्हणूनच पाठपुरावा सोडायचा नसतो. फॉलिक्युलर लिम्फोमाही पित्ताशयात अधूनमधून सापडतो, आणि तो एकाच जागी असेल तर त्याच्या बाबतीतही विचाराची दिशा साधारण हीच असते.

दुसरी जात डिफ्यूज लार्ज बी-सेल, म्हणजे मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा. तुमच्या अहवालात लो-ग्रेड लिहिले आहे, त्यामुळे ती निघण्याची शक्यता कमी आहे. पण आयएचसीनंतर अहवाल बदलू शकतो, म्हणून तिच्याविषयीही जाणून घ्या. या जातीत पित्ताशय काढून काम भागत नाही. आर-चॉप नावाची औषधयोजना दिली जाते: रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन, दर २१ दिवसांनी एक आवर्तन, सहसा सहा आवर्तने, आजार अगदी मर्यादित असेल तर कमीही. ऐकायला हे धडकी भरवणारे आहे, परंतु ही जात आक्रमक असूनही बरी होणारी आहे. एकूण सर्व ठिकाणच्या रुग्णांचा विचार केला, तर या योजनेने दहांपैकी साधारण सहाजण कायमचे बरे होतात. डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण आणू शकते, म्हणून आधी हृदयाची इको तपासणी होते. यकृतातून पित्त नीट वाहत नसेल आणि बिलिरुबिन वाढलेले असेल, तर डॉक्सोरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टिनचे डोस कमी करावे लागतात. पित्तमार्गाशेजारच्या आजारात हा मुद्दा विसरता येत नाही. डॉक्सोरुबिसिन लालभडक असते आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. हे आधी सांगितलेले नसले, तर माणसे रक्त समजून मध्यरात्री रुग्णालयात धाव घेतात. मायसी आणि बीसीएल-२ या जनुकांत फेरबदल आहेत का, हे फिश या जनुकीय चाचणीने पाहिलेले असावे, कारण दोन्ही असल्यास आर-चॉप अपुरी पडू शकते.

सांधेदुखीच्या गोळ्यांचा उल्लेख तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे. मला ती संपूर्ण पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. गोळ्यांच्या पट्ट्या समोर घ्या आणि त्यांवरची मूळ औषधांची नावे उतरवून काढा. त्यात प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा डिफ्लाझाकोर्ट असेल, तर ते स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या आटतात, त्यामुळे तपासण्यांत आजाराचा विस्तार आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. मेथोट्रेक्सेट असेल, तर गोष्ट आणखी वेगळी होते. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या संधिवाताच्या काही रुग्णांत लिम्फोसाइटची अशी वाढ होते, जी औषध थांबवल्यावर आपोआप ओसरू शकते. त्यामुळे ही माहिती पॅथॉलॉजिस्ट आणि हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) या दोघांपर्यंतही पोहोचायला हवी. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड अचानक तोडणे जिवावर बेतू शकते. आईला एक गोष्ट आणखी विचारा: डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का आणि कोरडा घास गिळायला पाण्याचा घोट लागतो का? उत्तर हो असेल, तर श्योग्रेन नावाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी लागेल, कारण माल्ट लिम्फोमाशी त्याचे जुने नाते आहे.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. डोळ्यांचा आणि घासाचा प्रश्न आईला विचारायचा, तर तो कशासाठी विचारतो आहोत, हेही तिला सांगावे लागेल. स्कॅन, अस्थिमज्जेची सुई, जठराची दुर्बीण, हे सगळे तिच्या शरीरावर होणार आहे आणि संमतीच्या कागदावर सही तीच करणार आहे. तुम्ही लपवलेत, तरी तपासणी केंद्राच्या प्रतीक्षागृहात बसून तिला ते कळणारच, आणि तेव्हा आजारापेक्षा घरच्यांनी केलेली लपवाछपवी तिला अधिक बोचेल. अर्थात आज अहवालात संशय आहे, निदान नाही. तेवढेच तिला सांगा. काढलेल्या पित्ताशयात काही वेगळ्या पेशी दिसल्या आहेत, त्यांचे नाव पक्के करण्यासाठी आणखी तपासणी चालू आहे आणि बहुधा दुसरी शस्त्रक्रिया लागणार नाही, हे तिन्ही खरे आहे. ती ‘कर्करोग आहे का?’ असे थेट विचारेल, तेव्हा ‘असू शकतो, पण संथ प्रकारचा असावा असे दिसते’, असे उत्तर द्या. एखादी व्यक्ती स्वतःहून म्हणते की मला तपशील नको, तुम्हीच बघा. तोही तिचा हक्क आहे. तो तिने वापरावा, तुम्ही तिच्या वतीने वापरू नये.

तुम्हा भावंडांचा प्रश्न लवकर आटोपतो. लिम्फोमा हा ज्या अर्थाने आपण आनुवंशिक म्हणतो त्या अर्थाने आनुवंशिक आजार नाही. जवळच्या नातेवाइकांत लिम्फोमाचा धोका किंचित वाढलेला आढळतो, पण मुळात तो इतका लहान असतो की त्यासाठी काही करावे असे होत नाही. न दुखणाऱ्या खड्यांसाठी लिम्फोमाच्या भीतीने पित्ताशय काढू नये. खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असणे, पित्ताशयात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप असणे, भिंतीत कॅल्शियम साचलेले असणे, यांपैकी काही तुमच्या सोनोग्राफीत लिहिले असेल, तर सर्जनांशी जरूर बोला; पण त्या चर्चेचा आईच्या आजाराशी संबंध नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. आयएचसी आणि दुसरे मत मिळायला दोन-तीन आठवडे लागतील, आणि लो-ग्रेड लिम्फोमात तेवढ्या काळाने नुकसान होत नाही. या काळात आईला कावीळ झाली, रात्री कपडे भिजतील इतका घाम येऊ लागला, कारण नसताना ताप राहिला, वजन झपाट्याने उतरले किंवा मानेत, काखेत, जांघेत गाठ हाताला लागली, तर मात्र अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. सर्जनांना माझे म्हणणे सांगताना वादाचा सूर नको. आधी हिमॅटॉलॉजिस्टचे मत घेऊ आणि मग शस्त्रक्रियेचे ठरवू, एवढे म्हटले तरी पुरे, आणि ज्या सर्जनांनी आपल्याला अनुभव नाही हे स्वतःहून सांगितले, ते याला नकार देतील असे मला वाटत नाही. आयएचसीचा अहवाल हाती आला की मला त्याची प्रत पाठवा. शेवटचे पान राहून जाणार नाही याची काळजी घ्या; मार्करची यादी आणि केआय-६७ चा आकडा बहुधा तिथेच असतो.